मापाचा नंबर

२ मार्च

अण्णा,

फोन लावायचा नसेल तर लावू नका, पण नंबर लक्षात राहत नाही असं ताईला सांगत जाऊ नका. ते मी ऐकून घेणार नाही. सगळ्या पेठेची पोटं तुमच्या ध्यानात असतात. पोस्टमास्तरांची कंबर किती आणि हेडसरांची किती सुटत चाललीय, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी इंचात सांगाल. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की टेप न लावता तुम्ही त्याच्या जुन्या चिठ्ठीवर नवा आकडा टाकता. आणि मुलाचा नंबर तेवढा राहत नाही?

निघताना तुम्हीच म्हणालात, "तू लावायचा नाहीस. तुझा फोन मी उचलणार नाही. मला वाटलं तर मी लावीन." ठीक आहे. मी गप्प बसलोय. ताईला मेसेज करतो, तेही कामावरच्या वायफायवर. पण तिच्या मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, काचेवरचं काय वाचायचं म्हणता. म्हणून हा कागद. कागदाचं चिठोरंही तुम्ही फेकत नाही, तारेला टोचून ठेवता, हे मला ठाऊक आहे.

आता नंबरचं ऐका. ताईने सांगितलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐका.

आम्ही सहा जण एकत्र उतरलो. विमानतळाच्या दाराशीच तीन काउंटर, लाल, निळा, पिवळा. तिन्हीकडे सिमकार्ड आणि तिन्हीकडून हाका, भाजीबाजारात मारतात तशा. एजंटने बजावलेलं, तिथे दुप्पट घेतात, गावात जाऊन घ्या. पण बाकीच्या पाच जणांना कुठला धीर. त्यांनी तिथेच घेतलं. मी दोन दिवस बिनफोनचा राहिलो आणि खोलीखालच्या गल्लीतल्या दुकानात गेलो.

दुकानात एक मुलगी होती, च्युइंगम चघळणारी. तिने काउंटरवर तीन कार्डं मांडली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, सगळा कारभार बोटांवर. पहिल्यात इंटरनेट भरपूर, बोलायला काही नाही. दुसऱ्यात घरी बोलायला दोनशे मिनिटं, पण नंबर ते देतील तो घ्यायचा. तिसऱ्यात आपल्याला घरी फोन करता येत नाही, आलेला मात्र कितीही वेळ बोला, फुकट. आणि त्यातच नंबर आपण निवडायचा.

मी दुसऱ्यावर बोट ठेवलं होतं, अण्णा. खरंच ठेवलं होतं. पैसेही काढले होते. तेवढ्यात तिने तिसऱ्याची नंबरांची यादी माझ्यापुढे सरकवली. नुसतं बघायला काय जातं म्हणून बघत गेलो. तिला वाटलं मी नशिबाचा नंबर शोधतोय. तिने आठ आठवाले दाखवले, सात सातवाले दाखवले. मी मान हलवतोय. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत दिसला. अठ्ठावीस, सतरा, छत्तीस, तेवीस.

मी तिथे उभ्या उभ्या मोठ्याने वाचला, तुमच्या सुरात. लांबी अठ्ठावीस, खांदा सतरा, छाती छत्तीस, बाही तेवीस. माझा शर्ट! त्या मुलीने च्युइंगम थांबवलं. अंगठीचं बोट दाखवून विचारलं, लग्नाची तारीख आहे का? मी टेप लावल्यासारखं करून दाखवलं. तिला वाटलं मला शर्ट घ्यायचाय. पलीकडच्या दुकानाकडे हात केला.

मी दुसरं कार्ड परत सरकवलं आणि तिसरं घेतलं. पासपोर्टचा फोटो काढला, अंगठा घेतला, झालं. सुरुवातीचे देशाचे आकडे ताईने तुमच्या मशीनच्या वर भिंतीवर खडूने लिहिलेत. राहिलेले आठ तुमचेच आहेत. ते विसरायला तुम्हाला मला विसरावं लागेल.

खोलीत एक जण आहे, त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो बायकोशी फोनवर बोलायला लागला की खालच्या मजल्यालाही त्यांचं भांडण पाठ होतं. त्याने दुसरं कार्ड घेतलंय. मला म्हणाला, "येड्या, बोलायचं सोडून ऐकायचं कार्ड घेतलंस? आणि समोरचा बोललाच नाही तर?"

मी म्हटलं, बोलतील.

हे कार्ड पाहुण्यांचं आहे, तीन महिन्यांचं. आठ मेपर्यंत चालेल. तोवर कंपनीने कामाचं परमिट काढलं तर नंबर माझ्या नावावर कायम होतो. नाहीतर दुकानवाले काढून घेतात आणि दुसऱ्या कुणाला देतात.

काम बरं आहे. स्टोअरला आहे. टेबलाशी उभं राहायचं, माल मोजायचा. मशीनशी काही संबंध नाही. जेवण दोन्ही वेळचं व्यवस्थित.

धाकटा


२१ मार्च

अण्णा,

तुमचा फोन आला नाही. कंपनीच्या जाहिरातीचा मात्र येतो, दिवसाला दोनदा. परवा मी न बघताच उचलला आणि म्हटलं, "अण्णा?" तिकडून एक बाई गोड आवाजात काहीतरी विकत होती. रेकॉर्ड केलेली बाई. भोंगा हसून हसून खाटेवरून पडला. आता खोलीत कुणाचाही फोन वाजला की सगळे मिळून ओरडतात, "अण्णा!"

त्यांचं सोडा. भोंग्याची बायको त्याच्याशी आठवडाभर एका बादलीवरून भांडतेय. निघायच्या आधी त्याने बादली शेजाऱ्यांना दिली आणि हिला सांगितलं नाही. हा म्हणतो फुटकी होती, ती म्हणते नव्हती. रोज वीस मिनिटं बादली. मी भिंतीकडे तोंड करून ऐकतो. कुणीतरी आपल्याशी बादलीवरून भांडावं असं वाटतं, एवढं तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

ताई म्हणते तुम्ही अजून म्हणता, मी दुकान सोडून पळालो. अण्णा, दुकानानेच मला आधी शाळा सोडायला लावली. सातवीची परीक्षा झाली आणि तुम्ही म्हणालात, सीझन आहे, चार दिवस बस. तुम्ही मापं ओरडायची, मी वहीत उतरवायची. ते चार दिवस नऊ वर्षं चालले. माझं अक्षर बरं आहे, ते पेठेची मापं लिहून बरं झालंय. मास्तर म्हणायचे हा पुढे जाईल. पुढे कुठे, तर काउंटरवरून मशीनवर. म्हणून मी त्या दिवशी बोललो, की जन्मभर दुसऱ्यांची मापं लिहीत बसणार नाही. बोलायला नको होतं, गिऱ्हाइकांसमोर तर नकोच होतं. पण खोटं बोललो नाही.

इथे बत्तीस मशीन एकदम चालतात तेव्हा खिशातला फोन ऐकू येत नाही. म्हणून मी तो शर्टाच्या आत, अंगाला लावून ठेवतो. थरथरला तर कळेल.

स्टोअर मशीनच्या शेजारीच आहे, म्हणून आवाज येतो.

रविवारी भोंग्याने माझा फोटो काढलाय. निळ्या रेघांचा शर्ट घातलाय, माझ्या बॅगेत तळाशी निघाला तो. ताई म्हणते तिने ठेवला. शिवला कुणी ते मी विचारलं नाही. काजं बघितली आणि कळलं. फोटो ताईला पाठवलाय. काचेवरचा असला तरी एकदा बघा.

परमिट पुढच्या आठवड्यात, असं तीन आठवडे ऐकतोय.


६ एप्रिल

अण्णा,

दोन्ही पत्रं पोचली आणि तारेला लागली असं ताईने कळवलं. वाचली का, म्हटलं, तर म्हणाली, माहीत नाही, पण फोटो बघितला, चष्मा लावून बघितला, आणि परत मशीनवर जाऊन बसले.

फोन नाही, तर मीही आता काही लिहीत नाही. बत्तीस दिवस राहिले.


१९ एप्रिल

अण्णा,

तुमचं माप चुकलं. जन्मात पहिल्यांदा मला हे म्हणायला मिळतंय, तर म्हणून घेतो. छाती छत्तीस आहे माझी. छत्तीस! चौतीस नाही.

काल ताईचा मेसेज आला. "खरं सांग, तुझा फोन कोण बाई उचलते?" मी लिहिलं, माझा फोन कुणी उचलत नाही, कारण तो वाजतच नाही. तर ती म्हणाली, अण्णा बारा दिवस रोज दुपारी दुकान लावून घेऊन तुला फोन करतायत. बाई उचलते, परक्या भाषेत बोलते. अण्णांना वाटतंय ती तुझ्या खोलीची मालकीण आहे, निरोप देत असेल.

बारा दिवस! आणि मी इथे फोन छातीला बांधून फिरतोय.

तिला म्हटलं, त्यांच्या फोनमध्ये बघ, कुठला नंबर लावला. तिने वाचला. अठ्ठावीस, सतरा, चौतीस, तेवीस. तिने तुम्हाला विचारलं, चौतीस कुठून काढलं? तुम्ही म्हणालात, "फोटोत बघितलं ना. मी शिवलेला शर्ट मला सांगतो. दोन इंच गेलाय." ती म्हणाली, "अण्णा, तो फोनचा नंबर आहे, तो माणूस वाळला म्हणून बदलत नाही." तेव्हा तुम्ही म्हणे कात्री खाली ठेवली.

ताई हसत होती हे लिहिताना, मलाही हसू यायला हवं होतं.

मग मी त्या चौतीसला फोन लावला. इथल्या इथे लावायला रिचार्ज केलं. आमच्याकडे एक इस्त्रीवाला आहे, त्याला इथली भाषा येते, त्याला बोलायला लावलं. ती बाई बेकरीवाली आहे. म्हणाली, "म्हातारेबुवांचे कोण तुम्ही? मुलगा? बरं झालं." पहिले दोन दिवस तिने तुम्हाला शिव्या घातल्या म्हणे, पण तुम्हाला त्या कळल्या नाहीत आणि तुम्ही बोलतच राहिलात. दुपारी तिचे हात पिठात असतात, फोन बंद करता येत नाही, कोपराने स्पीकर लावते. मग ती कणीक मळत राहायची आणि तुम्ही बोलत राहायचात. म्हणाली, आधी मोठ्याने बोलायचे, मग हळू. एकदा हसले.

तुम्ही हसलात, अण्णा?

इस्त्रीवाल्याला म्हटलं, विचार, काय बोलत होते? ती म्हणाली, "मला कसं कळणार? पण रागावलेले नव्हते."

ताईने तुम्हाला विचारलं, कळत नाही त्या बाईशी एवढं काय बोलता? तर म्हणालात, "ती मध्ये बोलत नाही. तिला सगळं सांगता येतं." मला ते सगळं हवं होतं. ते कुणा बेकरीत पावाबरोबर भाजलं गेलं आणि आता ते काय होतं हे मला कधीच कळणार नाही. माप चुकलं म्हणून. छत्तीसचं चौतीस केलंत म्हणून.

(संध्याकाळी)

वरचं दुपारी रागात लिहिलं. खोडत नाही.

पाकीट बंद करायच्या आधी इस्त्रीवाल्याकडून टेप मागून घेतला. म्हटलं पुरावा पाठवू. स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, म्हणून त्यालाच घ्यायला लावलं, तुम्ही घेता तसं, दोन बोटं आत घालून. तो म्हणाला, चौतीस. मी म्हटलं, नीट घे. त्याने परत घेतलं. चौतीस.

तर ते आहे.

आता बाकीचंही सांगतो. परमिट येईपर्यंत इथे अर्धाच पगार मिळतो, त्यातला एजंटचा हप्ता कापून. मी एकदाच जेवतो. आणि स्टोअर नाही, अण्णा. मशीनवर आहे, लाइनीतला अकरावा. हॉटेलच्या चादरींना दिवसभर कड मारायची. सरळ टीप, दुसरं काही नाही. कापायला नाही, काज नाही, कॉलर नाही. जे करणार नाही म्हणून ओरडून आलो तेच करतोय आणि तेही अर्धंच.

पण तुम्हाला हे माहीत होतं, असं ताई आता म्हणते. फोटो बघून तुम्ही म्हणालात, "उजवा खांदा उतरलाय. हा मशीनवर बसतोय." आणि तरी बारा दिवस फोन लावलात. की म्हणूनच लावलात?

नंबर मात्र छत्तीसचाच आहे. काल खरं कळल्यापासून तुम्ही फोनला हात लावलेला नाही म्हणे, लाजलायत. लाजू नका. माझं लाजायचं ते लाजून झालंय.

परमिट अजून नाही. आठ मेला एकोणीस दिवस आहेत.


३ मे

अण्णा,

काल दुपारी काय झालं ते तुम्हाला तुमच्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूचं लिहितो.

आधी हे, की परमिट परवा आलं. मी ते घेऊन सरळ त्या मुलीच्या दुकानात गेलो आणि नंबर कायमचा माझ्या नावावर करून घेतला. कंपनी फुकट सिम देत होती, घरी बोलायला मिनिटं असलेलं. घेतलं नाही. भोंग्याने कपाळावर हात मारला.

काल लाइनीत होतो. मशीनवर फोन घ्यायची बंदी आहे, लाइनमास्तर फिरत असतो. शर्टाच्या आत थरथरलं. मला वाटलं तीच जाहिरातीची बाई, म्हणून बंद करायला काढला. आकडे ओळखले, तुमचे होते. पायडलवरचा पाय काढायचं सुचलं नाही, चादर पुढे चाललीय, टीप वाकडी, आणि मी फोन कानाला लावला.

तुम्ही हॅलो म्हणाला नाहीत. आपल्या दुकानातला पंखा ऐकू आला, अजून तसाच खरखरतो. आणि मग तुम्ही म्हणालात, "सुई बोथट झालीय. टकटक येतेय. बदल."

एवढ्या बत्तीस मशीनमधून तुम्हाला माझी ऐकू आली.

मी "हो" म्हटलं. फोन खांद्यात धरून मी आधी सुई बदलली, खरंच बदलली. तुम्ही तेवढा वेळ थांबलात. मशीन चालू केल्यावर म्हणालात, "आता बरोबर." लाइनमास्तर येऊन उभा राहिला होता. मी त्याला हात जोडले. माझ्या तोंडाकडे बघून तो पुढे गेला.

"छाती?" तुम्ही विचारलंत.

"चौतीस."

"मग माप कुणाचं चुकलं होतं?"

"तुमचं नाही."

"पत्रात तर मोठा दंगा केलायस."

"खाली खरं लिहिलंय की."

"ते वाचलं. म्हणून तर लावला." मग म्हणालात, "पैसे पाठवायची घाई करू नकोस. आधी दोन इंच भरून काढ. दोन वेळ जेव. आणि स्टूल उंच करून घे, खांदा आपोआप वर येईल."

मी म्हटलं, घेतो. तुम्ही म्हणालात, त्या बाईला सांग, मी मुद्दाम केलं नाही. मी म्हटलं, ती विचारत होती, म्हातारेबुवांचा फोन का येत नाही. तुम्ही हसलात. अण्णा, ते हसणं मला मिळालं, त्याबद्दल आता माझी तक्रार नाही.

आणि मग तुमचा आवाज उतरला. म्हणालात, "ते सातवीचं तू लिहिलंयस ना. तेव्हा मी"

आणि बंद.

मी फोन कानाला तसाच धरून होतो. एक चादर संपली, दुसरी घेतली, तरी धरून होतो. ताईचा मेसेज आला तेव्हा कळलं, तुमचा बॅलन्स संपला. दुकानापासून कोपऱ्यापर्यंत रिचार्जला जाऊन आलात, तर तो दुकानवाला जेवायला गेलेला. परत येऊन बसलात आणि मग तिने विचारलं, सांगायचं राहिलं का काही? म्हणालात, राहू दे.

राहू देऊ नका.

नंबर कायमचा झाल्यापासून मी इथून घरीही लावू शकतो. परमिट आलं, पूर्ण पगार सुरू झाला, आता महागाचं रिचार्जही परवडेल. पण माझा फोन उचलणार नाही हे तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही, आणि मलाही ते मागे घ्यायला लावायचं नाही. मी लावलेल्या फोनवर तुम्ही जे बोलाल ते मी विचारलं म्हणून बोलाल. हे मला तुम्ही लावलेल्या फोनवर ऐकायचंय. दुपारीच लावा. लाइनमास्तरशी मी बोलून ठेवलंय. त्याचाही बाप आहे कुठेतरी.

जेवतोय. काल रात्रीपासून दोन वेळ. छत्तीस व्हायला सहा महिने लागतील असं इस्त्रीवाला म्हणतो, तोवर निळा शर्ट मी बाजूला काढून ठेवलाय.

पैसे पाठवू नकोस म्हणालात, तर घरखर्चाला पाठवत नाही, ऐकलं तुमचं. पण बारा दिवस त्या बेकरीवालीशी बोलण्यात तुमचे किती गेले ते मी ताईकडून काढून घेतलं. तेवढेच पाठवतोय, वर एक पैसा नाही. तिच्याशी जेवढं बोललात तेवढं माझ्याशी बोला. "तेव्हा मी"च्या पुढे चालू करा.

आपल्याकडचे एक हजार सहाशे ऐंशी रुपये.